सावळीचा दिवस

जांभुळखोरे, ता. मुरबाड
१८ जानेवारी २००५

प्रिय रत्नाताई,
जयभीम.

फोन केला नाही म्हणून रागावू नकोस. फोन आहे तो धसईत, आणि धसईच्या पीसीओवर मी काही बोलले की मी घरी पोचायच्या आधी ते गावात पोचतं. सरपंच झाल्यापासून माझ्या शिंकेचीही चर्चा होते. म्हणून पत्र.

आता कायद्यानं ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यावी लागते, आणि गावाला आलेला निधी कशावर घालायचा ते गावानंच ठरवायचं. आजवर आमच्याकडे हे फार सोपं होतं. धाऊ पाटील ठरवायचे आणि शिपाई वही घेऊन घरोघर अंगठे गोळा करत फिरायचा. सरपंचपद आपल्या बायकांसाठी राखीव झालं तेव्हा मलाही त्यांनीच उभं केलं. "शिकल्याली हाय, सही तरी बरी करल," म्हणाले होते.

तर शहापूरच्या एका संस्थेची मुलगी आली. तिनं शाळेच्या अंगणात बायकांकडून रांगोळीनं गाव काढून घेतलं. घरं, ओढा, रस्ता, गावदेवाचं ठाणं, विहीर. मग प्रत्येकीच्या हातात एक चिंचोका दिला. ज्या कामाची आधी गरज, तिथं तो ठेवायचा. धाऊ पाटलांना गावदेवापुढं सभामंडप हवा आहे हे सगळ्यांना माहीत होतं. तरी बायका एकेक करून विहिरीकडं सरकल्या.

आमच्या विहिरीचं तुला पुरतं सांगितलं नव्हतं. होळी झाली की पाणी तळाला जातं. मग एकेका घराचा दिवस ठरतो. त्या दिवशी त्या घरच्या बाईनं दगडांच्या खोबणीत पाय देत आत उतरायचं, वाटीनं पाणी खरवडून हंडे भरायचे, आणि वरच्या बायकांनी ते दोरानं ओढून घ्यायचे. आपल्या वस्तीची विहीर आटल्यापासून आम्हीही त्यातच. तहान लागली की विटाळ आपोआप फिटतो. पायऱ्या नाहीत, कठडा नाही. दोन उन्हाळ्यांमागे बाईजाची सून सावळी वर येताना निसटली आणि गेली. माझ्याच वयाची. हसरी होती गं.

गेल्या वर्षी बाईजाच्या घराचा दिवस आला. घरात उतरणारं कुणी नाही; मुलगा तर सावळीमागून विटभट्टीवर गेला तो परतलाच नाही. दुसरी कुणी उतरेना. "आज सावळीचा दिवस," म्हणत बायकांनी दोराला रिकामा हंडा बांधून आत सोडला आणि पाण्याला लांबच्या ओढ्यावर गेल्या. संध्याकाळी हंडा वर घेतला आणि आत न बघता झाडाला ओतला. तेव्हापासून तिचा दिवस तसाच पाळतात.

सभेत बाईजानं आपला चिंचोका ठेवला आणि पुन्हा हात पसरला. "आन् सावळीचा?"

कुणी हसलं नाही. संस्थेची मुलगी माझ्याकडं बघायला लागली. मी म्हातारीच्या तळहाताकडं बघितलं आणि पिशवीतून एक काढून दिला. मग जना म्हणाली, माझी सासू पाण्याचं ओझं वाहूनच गेली, तिचा द्या. मग दुसरी, मग तिसरी. पिशवी रिकामी झाली, ताई. विहिरीवर असा ढीग झाला की खालची रांगोळी दिसेना.

करुणा तेरा वर्षांची झाली. बायका म्हणतात, यंदा तुझ्या घरच्या दिवशी पोरीला उतरव, पोरी हलक्या असतात. मला तिला त्या खोबणींवर पाय ठेवू द्यायचा नाही. तेवढ्यासाठी मला ही विहीर बांधून हवी आहे. पण मेलेल्यांना चिंचोके देऊन चुकले का गं?

तुझी,
रश्मी


भातसानगर
२३ जानेवारी २००५

रश्मीबाई सरपंच यांस,

चुकलीस. विचारलंस म्हणून सांगते, नसतं विचारलंस तरी सांगितलं असतं.

अगं, आपल्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्यातले टाक ओढ्यात सोडले. भूत, भगत, अंगात येणं, सगळं त्यांच्याबरोबर वाहून गेलं असं मी समजत होते. आणि तू ग्रामसभेच्या खुर्चीवर बसून मेलेल्यांना मतं वाटतेस? आज चिंचोका दिलास, उद्या त्या रेशन मागतील. वर्गात मुलं विचारतात, बाई, भूत असतं का? मी म्हणते, नसतं, आणि असलंच तर गणिताच्या तासाला येत नाही. आता माझ्याच बहिणीच्या गावात ते सभेला येतंय म्हणून सांगू का?

तुझं मन मला कळतं. त्या म्हातारीच्या हाताकडं बघून कुणाच्यानंही नाही म्हणवलं नसतं. पण धाऊ पाटलाच्या हाती तू आपण होऊन काठी दिलीस. ग्रामसभेच्या आधी जिवंत बायकांचे चिंचोके वेगळे कर आणि तेवढेच सांग. जिवंत बायका पुरतील. पुरल्या पाहिजेत.

नरेंद्र म्हणतात, इथं खिडकीतून नजर पोचेल तिथवर पाणी, आणि माझ्या मेहुणीला वाटीनं खरवडावं लागतं. मी म्हटलं, बोलू नका, जेवण जात नाही.

करुणाला उतरवायचं नाही म्हणजे नाही.

तुझी,
रत्नाताई


जांभुळखोरे
२९ जानेवारी २००५

प्रिय ताई,

तुझं पत्र सभेच्या दुसऱ्या दिवशी आलं. आपलं टपाल नेहमीच शहाणपणासारखं उशिरा येतं.

ग्रामसभा भरली. मी बायकांचा निर्णय वाचला. धाऊ पाटील उठले. ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नाहीत.

"बाई, इहीर व्हावी आमालाबी वाटतं. पन मेल्याल्यांची मतं धरायची ह्यो कंचा कायदा?"

पुरुष हसले. मी काही बोलायच्या आत मागून बाईजा उभी राहिली. "तुजा बापूस मरून किती वरसं झाली रे धाऊ? दर विलेक्शनला येऊन मत टाकून जातो त्यो. त्येचं चालतं, आन् माज्या सुनंचं नाय?"

काय हशा झाला म्हणून सांगू! ग्रामसेवकानं तोंड रुमालात लपवलं. पाटलांच्या घरातले मेलेले मतदार सगळ्या गावाला तोंडपाठ आहेत, बोललं मात्र कुणीच नव्हतं. मला वाटलं, जिंकलो.

पाटील हसणं संपेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "बरं बाईजा. तुजी सून हाय म्हन्तेस ना? मंग ती हितंच हाय. इहीर बांधली, वर जाळी-कठडा केला, मंग ती खाली कोंडल का सुटल? इचारू या देवाला."

सगळी सभा गावदेवाच्या ठाण्याकडं गेली. मी थांबा म्हणत होते. माझ्याकडं कोण बघतंय. कमळू भगतानं देवाच्या शिळेला पाणी लावून दोन बाजूंना पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. डावी पडली. कमळूनं सांगितलं, "इहिरीला हात लावू नका. ती आत हाय."

ज्या बायकांनी सावळीचा चिंचोका मागून घेतला होता त्याच मागं सरल्या, ताई. बाईजा तर मटकन खालीच बसली. तिला सून कोंडायची नाही. सभामंडपाला हात वर झाले. मी ठरावावर सही केली नाही, पुढच्या ग्रामसभेत पुन्हा ठेवू म्हणून उठले. ती एक मेला भरते. तोवर होळी होऊन जाते.

तू म्हणालीस तशी काठीच दिली मी. फक्त ती माझ्या पाठीत बसेल असं वाटलं होतं. ती बाईजाच्या बसली.

रश्मी


भातसानगर
६ फेब्रुवारी २००५

प्रिय रश्मी,

मी म्हटलं होतं, असं म्हणणार नाही. पण म्हटलं होतं.

आता रडत बसू नकोस. धाऊ पाटलाचं सगळं बळ एका गोष्टीत आहे: विहिरीत सावळी आहे असं बायकांना वाटतं. ते वाटणं काढलंस की पाकळी डावी पडो नाहीतर उजवी. आणि ते भाषणानं निघत नाही. तीस वर्षं शिकवल्यावर मला एवढं कळलंय की मुलं सांगितलेलं विसरतात, दाखवलेलं विसरत नाहीत.

म्हणून मी सांगते तसं कर. होळीनंतर सावळीचा दिवस येईल, त्या दिवशी तू स्वतः उतर. दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर. हंडा भरून दे आणि वर ये. सरपंच आहेस, आपल्या घरची आहेस, तुला कसली भीती? त्यांना दिसू दे की खाली पाणी आणि दगड याखेरीज काही नाही. मग मे महिन्यात त्याच बायका हात वर करतील.

नरेंद्र म्हणतात, तिला असं काही सांगू नकोस. पुरुषांचं काय ऐकायचं! फक्त दोर नवा घे.

तुझी,
रत्नाताई


भातसानगर
१२ एप्रिल २००५

रश्मी,

दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. धसईच्या पीसीओवाल्याला फोन केला. तो म्हणाला, निरोप देतो, आणि हसला. का हसला?

काल नरेंद्र मुरबाडला गेले होते. स्टँडवर कुणीतरी म्हणत होतं, धसईकडच्या एका गावात बाई विहिरीत राहिली. कुठलं गाव ते त्यांना कळलं नाही. ते माझ्याशी धड बोलत नाहीत. मीही बोलत नाही.

चार ओळी लिही. एक ओळ लिही. करुणाच्या अक्षरात पत्र येऊ नये एवढंच मनात येतं सारखं.

ताई


जांभुळखोरे
१६ एप्रिल २००५

प्रिय ताई,

मी आहे. ताप होता, हात लिहायला वळत नव्हता. जयंतीच्या मिरवणुकीलाही गेले नाही.

तू सांगितलंस तसंच केलं. दोर नवा घेतला. सावळीच्या दिवशी सकाळी जना आणि आणखी काही जणींना बळेच विहिरीवर आणलं. रिकामा हंडा त्या सोडणारच होत्या. म्हटलं, मी उतरते मागोमाग. करुणाला मी घरी कोंडून आले होते.

उतरताना एका जागी खोबणीतला दगडच नाही. तिथं पाय अधांतरी राहतो, दोर धरल्याशिवाय वर येता येत नाही. सावळी इथंच निसटली असणार, हे पायाला कळलं. खाली गार होतं. मी उकिडवी बसले आणि वाटीनं पाणी खरवडायला लागले. मला भीती वाटली नाही, ताई. उलट वाईट वाटलं. कुणी नव्हतंच तिथं. एवढी वर्षभराची आठवण, तो हंडा, ते झाडाला पाणी, आणि खाली कुणीच नव्हतं.

वर बघितलं. काठावर तोंडं होती, पण उजेड मागं असल्यानं सगळी काळी. कोण कुठली ते ओळखू येईना. सावळीनं शेवटचं हेच बघितलं असेल असं मनात आलं. हंडा भरला आणि मी हाक दिली, "ओढा गो!"

विहिरीत आवाज आपला राहत नाही. वर कुणीतरी किंचाळलं, "सावळी बोलली!" धावण्याचा आवाज आला. नवा दोर अख्खा सुळकन खाली येऊन माझ्या पायाशी पडला.

मी नावानिशी हाका मारल्या. जने, मी रश्मी आहे. जितकी ओरडत होते तितका तो आवाज मलाच परका वाटत होता. शेवटी गप्प झाले. दुपार झाली तसं ऊन आत आलं आणि गेलं. आमचे हे कल्याणहून रात्रीशिवाय येत नाहीत. करुणाला मीच कोंडलेलं. कुणी येईल असं वाटेना, आणि मग एका वेळेला मला वाटायला लागलं की मी इथं आहे हे ठीकच आहे, आज माझाच दिवस आहे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

मग वर एकच तोंड दिसलं. म्हातारं. आणि गाईचं दावं खाली आलं.

"सावळे, दमलीस गो. ये, चल वर."

मी सांगू शकले असते. मी रश्मी, सरपंच, वस्तीतली. पण वाटलं, तसं म्हटलं आणि तिनं दावं सोडून दिलं तर?

"आले, आये," मी म्हणाले.

तिनं दावं काठावरच्या जांभळीच्या बुंध्याला वेढा देऊन धरून ठेवलं. तिच्या अंगात किती ताकद होती! काठावर आले तशी तिनं माझं तोंड पदरानं पुसलं आणि घरी नेऊन पेज पाजली. मी प्यायले.

आता बाईजा गावभर सांगत फिरते, माझी सून वर आली, विहीर मोकळी झाली, आता बांधा. कमळूनं पुन्हा कौल लावला. पाकळी उजवी पडली. पाटील आपल्याच देवाला खोटं कसं म्हणणार? मला बघून परवा त्यांनी हात जोडले, ताई. ज्यांच्या ओट्यावर मी कधी बसले नाही, त्यांनी.

पण माझ्यात सावळी आहे म्हणून जना माझ्या हातचं पाणी घेत नाही. वस्तीतल्या आपल्या बायकाही नजर देत नाहीत. बाईजा संध्याकाळी भाकरी घेऊन दारात येते आणि सावळे म्हणते. करुणा आत जाऊन बसते.

एक मेच्या आधी खरं सांगून टाकू का? सांगितलं तर विहीर जाते. तूच सांग. मला हल्ली ठरवता येत नाही.

रश्मी


भातसानगर
२० एप्रिल २००५

रश्मी, माझ्या बाळा,

मी तुला खाली पाठवलं. इथं पंख्याखाली बसून, शहाणपणा करत. तू दिवसभर त्या अंधारात बसलीस आणि मी त्या वेळी वर्गात कुणाला तरी अपूर्णांक शिकवत असेन. नरेंद्रना पत्र वाचायला दिलं. ते उठून बाहेर गेले.

आता तू विचारलंस, तर ऐक. गप्प बस. एक मेपर्यंत कुणाला काही सांगू नकोस. मी जन्मभर मुलांना सांगत आले की खोट्यावर उभं केलेलं टिकत नाही, आणि आज तुला हे लिहिताना मला माझीच लाज वाटते. पण तुझ्या गावात खरं बोलणाऱ्या बायकांची सभा झाली, तिला पाकळीनं पाडलं. आता पाकळीच आपल्या बाजूला पडली आहे तर विहीर बांधून घे. करुणाचा पाय त्या खोबणीत जायला नको. ठराव झाला, काम सुरू झालं, की मी येते आणि दोघी मिळून सगळ्या बायकांना खरं सांगू.

तोवर त्यांना काय म्हणायचं ते म्हणू दे. तू रश्मी आहेस. माझ्या काकाची मुलगी. परीक्षेला निघताना घाबरून पोट दुखतं म्हणायचीस ती. एसटीतून उतरले की मी रस्त्यावरूनच तुला नावानं हाक मारीन, अशी की अख्ख्या धसईला ऐकू जावी.

ताई


जांभुळखोरे
२२ मे २००५

प्रिय ताई,

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी पायऱ्यांचं बांधकाम अर्ध्यावर आलं. कठड्याचे दगड येऊन पडलेत. पावसाच्या आत होईल. करुणाचा जीव वाचला असं मी रोज मनात म्हणते, आणि ते खरंच आहे. एवढं एक काम मी केलं.

सभेचं तुला समोर बसूनही नीट सांगितलं नाही. ग्रामसभा इतकी भरली होती की माणसं भिंतीवर चढून बसली. पाटलांनीच ठराव मांडला. सगळे हात वर झाले. संस्थेची मुलगी मागं उभी राहून डोळे पुसत होती, तिला वाटलं तिचे चिंचोके जिंकले. मग ग्रामसेवकानं मला विचारलं, अध्यक्षांचं मत? मी तोंड उघडायच्या आत बाईजा म्हणाली, "तिनं कवाच दिलं." आणि पाटलांच्या सुनेनं येऊन माझी ओटी भरली. हिरवा खण, तांदूळ, नारळ. आपल्या घरात कुणी ओटी भरून घेत नाही गं. मी पदर पुढं केला. हात आपोआप गेला.

तू आलीस तेव्हा बायकांना गोळा केलंस, सगळं खरं सांगितलंस, मीही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. तुला बरं वाटलं, म्हणालीस, बघ, माणसं समंजस असतात. तू गेल्यावर जना मला एवढंच म्हणाली, "बहिनीला बरं वाटावं म्हनून बोललीस ना गो सावळे?" मी तिला नाही म्हणाले नाही.

आणखी एक आहे. तू एसटीतून उतरलीस तेव्हा मी पारापाशी उभी होते. तू हाका मारल्यास आणि मी बघितलं नाही. तू येऊन पाठीत धपाटा घातलास, "बहिरी झालीस का, सरपंचीणबाई?" मी हसून म्हणाले, गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही.

गाडी केव्हाच पुढं गेली होती, ताई. तुझ्या सगळ्या हाका मी ऐकल्या. कुणीतरी रश्मीला बोलावतंय असं मला वाटलं, आणि ती कुठं आहे ते बघायला मीही मागं वळले होते.

तुझीच बहीण